कुमुद काठावर राहिली

१६ नोव्हेंबर १९९७, रविवार

आज पुन्हा मीच सूत्रधार. खेळ विहंगने पुण्याच्या हॉस्टेलमधून आणला. नियमांचं जाडजूड इंग्रजी पुस्तक त्याने झेरॉक्स करून आणलं, आणि ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणारी मी एकटीच निघाले, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. त्यात अन्याय काही नाही. बाकीचे तिघे एकेक पात्र घेतात. विहंग योद्धा, त्याची बहीण सायली जादूगारीण, प्रसाद चोर. उरलेलं सगळं जग माझ्याकडे. गावं, जंगलं, लुटारू, नावाडी, हवा-पाणी. ते म्हणतात आम्ही असं करतो, मी सांगते मग काय झालं. शंका असली की फासा. वीस बाजूंचा फासा एकच आहे. बाकी आकड्यांसाठी वाटीत चिठ्ठ्या.

अडचण अशी की तिघांत वैद्य कोणी नाही. पहिल्याच लढाईत जखमी होऊन पडतात आणि खेळ थांबतो. आज विहंग म्हणाला, "अहल्या, एक वैद्य तूच दे आमच्याबरोबर. बोलायचं पण तूच. पुस्तकात चालतं असं."

पुस्तकात चालतं, मी घरी येऊन पाहिलं. पण तिथेच लिहिलंय की सूत्रधाराने स्वतःचं पात्र टोळीत घालताना सांभाळावं, कारण सूत्रधाराला सगळं माहीत असतं. साप कुठल्या पेटीत आहे ते मला ठाऊक. मग माझी वैद्य त्या पेटीला हात लावेल का? नाही लावला तर ती लबाडी, आणि मुद्दाम लावला तर तीही लबाडीच.

तरी तिचं नाव ठेवलं. कुमुद. उंच, केस आखूड, घरी न विचारता निघून आलेली. हे शेवटचं मी का लिहिलं कोण जाणे. खेळात त्याचा उपयोग नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

कुमुदची पहिली खेप. तळघरात दोन वाटा फुटल्या तेव्हा विहंग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "कुमुद, तू शहाणी आहेस. तुला काय वाटतं, कुठे जाऊ या?" असं माझ्याशी तो कधी बोलत नाही. माझे कान तापले. आई म्हणते त्याला विहंगदादा म्हणायचं. मला ते तोंडात येत नाही, म्हणून मी त्याला कशानेच हाक मारत नाही.

उजवीकडे खड्डा होता. मी जाणून होते, कुमुद नव्हती. म्हणून मी आधीच एक उपाय केला होता. वेगळ्या वाटीत तीन चिठ्ठ्या: डावीकडे, उजवीकडे, तुम्ही म्हणाल तसं. कुमुदला कोणी काही विचारलं की मी चिठ्ठी काढणार. आज 'उजवीकडे' आली. सगळे खड्ड्यात पडले. प्रसाद म्हणाला, "ही वैद्य आहे का यमाची एजंट?" सायली हसून हसून आडवी झाली.

विहंग नाही हसला. जाताना म्हणाला, "थोडी तरी हिंट द्यायची ना." थट्टेतच म्हणाला असणार.

१ डिसेंबर

मोठी बातमी. विहंग आणि प्रसाद मिळून कम्प्यूटर क्लास काढताहेत, टावर चौकाजवळ, भय्यासाहेबांच्या दुकानांवरच्या मजल्यावर. मशिनं प्रसादला कळतात. विहंग इंग्रजी बोलतो, त्याचा रुबाब पडतो. आणि बायकांची बॅच मी घ्यायची, असं विहंग स्वतः म्हणाला. आमच्या फ्रीगंज भागातल्या बायका पुरुष मास्तराकडे येणार नाहीत. शिवाय मला समजावून सांगता येतं, हेही तो म्हणाला.

मी शाळेत सातवीपासून गेले. त्याआधी वडिलांनी, तात्यांनी, घरीच शिकवलं. या हिंदी मुलखात शाळाही हिंदी, तिथे मुलीचं मराठी बिघडेल ही त्यांची धास्ती. त्यामुळे शिकवणं म्हणजे समोर बसून एकालाच, तो समजेपर्यंत सांगणं, एवढंच मला ठाऊक आहे. वर्ग कसा घेतात ते नाही. तसं मी म्हटलं, तर प्रसाद म्हणाला, "टेन्शन नको घेऊ ना यार. अपन आहे ना."

आईला सांगितलं. खरगोनहून एक स्थळ आलंय, मुलगा वीज मंडळात. आई म्हणाली, "खरोखरची नोकरी असली, मास्तरीणबाई म्हणून, तर मी त्यांना वर्षभर थांबा म्हणेन. नुसतं येणं-जाणं असेल तर नाही."

हे अगदी रास्त आहे. मला एक वर्ष मिळेल. वर्षात पुष्कळ होतं.

७ डिसेंबर, रविवार

आता एक पद्धतच पडली आहे. बंद दार आलं की प्रसाद म्हणतो, "कुमुदला पुढे घाला." अनोळखी पाणी आलं की कुमुदने चाखायचं. सामान कुमुदच्या पाठीवर. सायली एकदा म्हणाली, "बिचारी, ती पण माणूस आहे ना." त्यावर प्रसाद म्हणाला, "माणूस कुठली, अहल्याच आहे." आणि सगळे हसले, मीसुद्धा.

आज गुहेत एक कडं सापडलं, घालणाऱ्याला पाण्यात बुडू न देणारं. सायलीला वाटलं ते कुमुदला द्यावं. मी नाही म्हटलं. सूत्रधाराने स्वतःच कडं लपवायचं आणि स्वतःच्याच पात्राने घालायचं, हे मला पटेना. कुमुदला वाटा नको, असा मी नियमच करून टाकला. विहंग म्हणाला, "बघा, म्हणून हिला सूत्रधार केलंय." कडं त्याने घेतलं.

दिवसभर मला त्या वाक्याचं सुख होतं.

२० डिसेंबर

क्लासच्या नोट्स लिहिते आहे. हिंदीत, कारण शिकायला येणाऱ्यांना इंग्रजी जमणार नाही. प्रसाद एखादी गोष्ट करून दाखवतो, मी घरी येऊन ती सोपी करून लिहिते. चुकीचं काही जाऊ नये म्हणून परत जाऊन स्वतः करून बघते. शेजारच्या वासंतीकाकूंना आज पहिला धडा वाचून दाखवला. त्यांनी विचारलं, "मध्येच लाइट गेली तर लिहिलेलं जातं कुठे?" मला सांगता आलं नाही. विचारून येते म्हटलं. काकू म्हणाल्या, मास्तराला येत नसलं तर तो रागावतो, तू पहिलीच जी विचारून येते म्हणालीस.

प्रसादला विचारलं. तो म्हणाला, "उडून जातं. अजून काय."

४ जानेवारी १९९८

सुट्टीत खेळ बंद होता. नोट्स पूर्ण झाल्या. विहंगने वाचल्या, निदान चाळल्या. म्हणाला, "झकास. टाइप करून घे."

११ जानेवारी, रविवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते, म्हणजे माझी चूक असली तर मला दिसेल.

टोळी नदीकाठी आली. मागे लुटारू. काठाला एक नाव. विहंग म्हणाला, "आम्ही नावेत बसतो."

तात्यांनी लहानपणी मला एकाच गोष्टीसाठी रडवलं आहे, ती म्हणजे आपण आणि आम्ही. इथे सगळे हिंदीसारखं एकच बोलतात, सरसकट अपन. घरात अपन म्हटलं की तात्या लिहिणं थांबवून विचारायचे, मी त्यात आहे की नाही? असेन तर आपण. नसेन तर आम्ही. विहंगही पूर्वी अपनच म्हणायचा. पुण्याहून आल्यापासून शुद्ध बोलतो.

तो हे म्हणाला माझ्याकडे बघून. कुमुद मीच बोलते. मला सांगताना आम्ही म्हटलं, म्हणजे कुमुद त्यात नाही. तरी शंका नको म्हणून मी विचारलं, कोण कोण बसतंय? तो म्हणाला, "आम्ही. सांगितलं ना, आम्ही. लवकर."

मी नाव सोडली. नदीच्या मधोमध पोचल्यावर पलीकडच्या काठावरून बाण आले. सायलीची जादूगारीण पडली. सायली म्हणाली, कुमुद हिला औषध देते.

मी म्हटलं, कुमुद काठावर आहे.

मग प्रसाद म्हणाला, "काठावर? कायको? अपन सगळे बसलो ना." मी म्हटलं, तो आम्ही म्हणाला, मी परत विचारूनही घेतलं. सायलीला वाटलं मी थट्टा करते आहे. प्रसादचं म्हणणं पडलं की ही व्याकरणाची परीक्षा नाही, ही चीटिंग आहे. मी चुकले असेन तर सगळं मागे घेऊ, असं म्हणणार होते, तेवढ्यात विहंग अगदी शांतपणे म्हणाला, "ठीक आहे. कुमुद पोहत येते."

मी म्हटलं, धार मोठी आहे, पाठीवर तुमचं सामान आहे, वरचा आकडा लागेल.

"टाक ना मग."

फासा सगळ्यांसमोर टाकला, हाताच्या आड नाही. दोन आला.

कुमुद गेली. जादूगारीण कशीबशी वाचली. खेळ संपल्यावर विहंग चपला घालताना म्हणाला, "नवीन बनवून टाक एखादी. नाव तेच ठेव हवं तर."

घरी येताना एक गोष्ट लक्षात आली. पोहायचं की नाही, हे कुमुदला कोणी विचारलं नाही. मीसुद्धा त्या वेळी वाटी पुढे घेतली नाही.

१२ जानेवारी

तात्यांना विचारलं. खेळाचं सांगितलं नाही. चौघे नदीकाठी उभे आहेत, एक जण दुसऱ्याला म्हणतो आम्ही नावेत बसतो, तर तो दुसरा नावेत आहे का, एवढंच. तात्या खूश झाले. हल्ली त्यांना असं कोणी विचारत नाही. म्हणाले, "नाही. ज्याला सांगितलं, तो वगळला." मग चष्मा काढून पुसत म्हणाले, "पण त्याच्या मनात काय होतं ते त्यालाच विचार बेटा. हल्लीच्या लोकांना दोन्ही सारखंच."

१८ जानेवारी

क्लासमध्ये रंगाचं काम चाललं होतं. विहंग एकटा भेटला म्हणून धीर करून विचारलं, की त्या दिवशी आम्ही म्हणताना कुमुदला मुद्दाम मागे ठेवायचं होतं, की शब्द चुकला.

तो हसला. "अगं, तू अजून तिथेच? खरं सांगू, कुमुद डोक्यातच नव्हती माझ्या."

मला हायसं वाटलं. मुद्दाम सोडून जाणं वेगळं आणि आठवण न राहणं वेगळं. पहिल्यात वाईट मन असतं, दुसऱ्यात नाही. तरी रस्ताभर मी ते परत परत मांडून बघत होते, आणि दर वेळी बेरीज थोडी वेगळी येत होती.

आईने विचारलं, क्लासचं पक्कं आहे ना तुझं? मी हो म्हटलं.

वसंत पंचमी

उद्घाटन झालं. सरस्वतीची पूजा, मग नारळ, मग भय्यासाहेबांच्या हस्ते मशीन सुरू. खुर्च्या कमी पडल्या तेव्हा विहंग म्हणाला, तुझ्या घरून आण ना. मी आणि सायलीने रिक्षातून चार आणल्या. परत आले तोवर पाटीचा पडदा निघालेला होता. पाटीवर विहंगचं नाव, प्रसादचं नाव, आणि खाली 'महिलांसाठी स्वतंत्र बॅच'.

भय्यासाहेब वयस्क, बोलायला गोड. माझ्याकडे बघून म्हणाले, "मग बायकांना तुम्ही शिकवणार का, बाई?"

मला हो म्हणून गप्प बसता आलं असतं. पण ते जागेचे मालक, लोक त्यांच्या शब्दावर मुली पाठवणार. मी म्हटलं, हो, पण माझ्याकडे डिप्लोमा नाही, मी या दोघांकडूनच शिकले, हे आधी सांगितलेलं बरं. त्यांनी भुवया वर केल्या. विहंग पटकन पुढे आला. "ही अहल्या, भय्यासाहेब. आपल्या घरचीच. मदतीला असते."

आपल्या. आमच्या म्हणाला नाही, आपल्या म्हणाला. मी पूजेच्या प्रसादाची ताटं फिरवताना तो शब्द मनात धरून होते. आज मी नावेत होते, असंच वाटत होतं. 'मदतीला' हा शब्द नंतर आठवला, घरी पोचल्यावर, खुर्च्या आत लावताना.

७ फेब्रुवारी

बायकांच्या बॅचला इंदूरहून मधुरा नावाची मुलगी आली आहे. डिप्लोमा आहे, प्रथम श्रेणी. भय्यासाहेबांनी आग्रह धरला, असं विहंग म्हणाला. पुढे तोच म्हणाला, "आणि तू स्वतःच म्हणालीस ना, प्रमाणपत्र नाही. तुझंच ऐकलं आम्ही. खरं तर मला तेव्हा तुझा आदरच वाटला."

त्याच्या बोलण्यात खोट कुठे आहे ते मला सापडत नाही. मी तसं म्हणालेच होते.

मग म्हणाला, मधुराला नोट्स जरा समजावून दे, पहिले काही दिवस बसत जा तिच्याजवळ. तू घरचीच आहेस, तुला वेगळं काय सांगायचं.

बसले. मधुरा चांगली आहे, पटकन समजते. मध्येच तिने विचारलं, "किती सोपं लिहिलंय. कोणी लिहिलं हे?"

प्रसाद मशीन उघडून बसला होता. मान वर न करता म्हणाला, "अपन सगळ्यांनी मिळून."

मी बसल्याजागी तात्यांचा प्रश्न विचारून पाहिला. मी त्यात आहे की नाही? आहे. नक्की आहे. अपनमध्ये मी पूर्ण आहे, आणि म्हणूनच कुठे दिसत नाही. मधुरा माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, पुढचं पान काढ.

११ फेब्रुवारी

आईला सांगावंच लागलं. ती रागावली नाही, रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, निवडणुकीची गडबड संपली की खरगोनच्या मंडळींना बोलावू. रस्त्यावरून प्रचाराची रिक्षा चालली होती, त्यामुळे तिला ते दोनदा म्हणावं लागलं.

संध्याकाळी तात्यांनी जवळ बसवून विचारलं, "तुला काय वाटतं?"

मी म्हटलं, तुम्ही म्हणाल तसं.

त्यांनी मान हलवली आणि पेपर उचलला. मी स्वयंपाकघरात आले, आणि भाजी चिरताना माझ्या ध्यानात आलं की हे वाक्य मीच माझ्या अक्षरात लिहून कुमुदच्या वाटीत टाकलं होतं. फरक इतकाच की इथे बाकीच्या दोन चिठ्ठ्या नव्हत्या. की होत्या, आणि मी हात घातला नाही? तात्यांनी तर खरंच विचारलं होतं.

परत जाऊन बोलावं असं वाटलं. पण काय बोलू? क्लास गेला, त्यावरच वर्ष अवलंबून होतं. आईने अट सरळ घातली होती, मी ती मान्य केली होती.

१४ फेब्रुवारी

क्लासला गेले नाही. डोकं दुखतं म्हणून सांगितलं. दुखत नव्हतं. हे खोटं झालं.

सायली येऊन गेली. म्हणाली, "दादा विचारून राहिला होता, रविवारी येशील ना? तुझ्याशिवाय खेळ होत नाही यार." मग खालच्या आवाजात, "तू रागावली का गं?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "तू नं, भांडत जा कधीतरी." ती गेल्यावर मला वाटलं, हिला माहीत होतं. मधुरा येणार हे हिला आधीच माहीत होतं.

२२ फेब्रुवारी, रविवार

गेले. क्लासमध्येच जमलो, रविवारी तो बंद असतो. पोहे-जिलबी आणून ठेवली होती. मधुरा पण होती, तिला तिरंदाज दिली. तिला नियम विहंग समजावून सांगत होता, बरेचसे चुकीचे. मी दुरुस्त केले नाहीत.

नवी कथा मी घरून नीट आखून नेली होती. डोंगराखाली एक वस्ती, नीमखेडी. चौक, विहीर, धर्मशाळा, प्रत्येक घरात कोण राहतं ते ठरवलेलं. वस्तीच्या वर किल्ला आणि किल्ल्यात ज्याच्यासाठी जायचं ते सगळं.

टोळी वस्तीत शिरली. विहंग जिलबी खात म्हणाला, "आधी एक वैद्य घेऊ या बरोबर. आपल्याला लागणार."

आपल्याला म्हणाला. शब्द बरोबर होता.

मी म्हटलं, विचारा लोकांना.

त्यांनी चौकात विचारलं, धर्मशाळेत विचारलं. प्रसादने विहिरीवरच्या बायकांना विचारलं आणि वर एक मसखरी केली, त्यावर मधुरा हसली. सायलीने विहिरीमागच्या एका दारावर थाप मारली, ते उघडलं नाही. मी प्रत्येकाच्या तोंडून नाहीच सांगत गेले. शेवटी विहंग वैतागला. "अरे, एवढ्या वस्तीत एक वैद्य नाही?"

मी म्हटलं, "तुमच्याबरोबर येणारं इथे कोणी नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं आजचा खेळ सुरू झाल्यापासून पहिल्यांदा पाहिलं. मग म्हणाला, "तूच दे ना एक. नेहमीसारखी."

"नाही," मी म्हटलं.

सायली चटकन म्हणाली, चला, आमचं आम्ही बघू. ते वर गेले. दुसऱ्याच दालनात एकेक करून चौघे पडले. मी फासा दर वेळी उघड टाकला आणि एकही आकडा फिरवला नाही. मधुरा म्हणाली, एवढ्यात संपलं? विहंगने कागद गोळा करून बाजूला ठेवले. मी नियमांचं पुस्तक त्याच्यासमोर ठेवलं आणि खाली उतरले.

आता हे लिहून ठेवलंच पाहिजे. पुस्तकाप्रमाणे तेवढ्या वस्तीत वैद्य असायलाच हवा. माझ्या नकाशावर एक होती. विहिरीमागच्या घरात राहणारी, उंच, केस आखूड. त्यांनी तिच्या दारावर थाप मारली तेव्हा ती आत होती. चिठ्ठी मी काढली नाही. दार उघडू नको, असं मीच तिला सांगितलं.